बेरीज थांबते कुठे? हार्मोनिक सिरीजच्या एका प्रॅक्टिकलचा प्रकरण अभ्यास

प्रसंग

तालुक्याच्या गावातले कॉलेज, बी.एस्सी.चे दुसरे वर्ष, विषय रिअल ॲनालिसिस. सिरीजचा धडा संपत आला होता आणि त्या आठवड्याच्या प्रॅक्टिकलला मी अगदी साधे काम दिले होते. १ + १/२ + १/३ + १/४ + … ही हार्मोनिक सिरीज घ्या, शंभर, हजार आणि दहा हजार पदांपर्यंतची बेरीज संगणकावर काढा आणि जर्नलमध्ये लिहा. ही सिरीज डायव्हर्ज होते, म्हणजे तिची बेरीज कुठल्याही आकड्याच्या पुढे जाते, हे आधीच्याच आठवड्यात फळ्यावर सिद्ध करून झाले होते. ती किती सावकाश वाढते हे मुलांनी डोळ्यांनी पाहावे, एवढाच प्रॅक्टिकलचा हेतू.

अर्ध्या मशीनवर बेरीज १ वरच अडकली. सी भाषेत पूर्णांकाला पूर्णांकाने भागले की उत्तरही पूर्णांकच येते, त्यामुळे १/२ पासून पुढचे प्रत्येक पद शून्य धरले गेले. हे दरवर्षीचेच आहे. ते दुरुस्त झाल्यावर अपेक्षित आकडे दिसू लागले: शंभर पदांना ५.१८७, हजारला ७.४८५, दहा हजारला ९.७८८. बहुतेकांनी ते उतरवून घेतले आणि सही घ्यायला रांग लावली.

एका मुलीने मात्र लूप एक कोटीपर्यंत नेला. उत्तर आले १५.४०३६८३. मग पाच कोटींपर्यंत नेला. उत्तर तेच, शेवटच्या अंकापर्यंत तेच. ती म्हणाली, "सर, ही थांबतीय."

रांगेतली दोन-चार मुले तिच्या मशीनकडे वळली. एकाने स्वतःच्या मशीनवर तोच लूप चालवून पाहिला आणि त्यालाही १५.४०३६८३ च मिळाले. एकाच मशीनवर आले असते तर मशीनला नावे ठेवून मोकळे होता आले असते.

वर्गाला काय माहीत होते

फळ्यावर झालेली सिद्धता जुनी आहे. फ्रान्समधल्या निकोल ओरेम यांनी ती १३५० च्या आसपास दिली. पदांचे गट करायचे: १/३ आणि १/४ मिळून १/२ पेक्षा जास्त, कारण दोन्ही पदे १/४ किंवा त्याहून मोठी आहेत. पुढची चार पदे, १/५ ते १/८, प्रत्येक किमान १/८, म्हणून मिळून पुन्हा १/२ पेक्षा जास्त. पुढची आठ, पुढची सोळा, प्रत्येक गट अर्ध्याहून जास्त भर घालतो आणि गट कधी संपत नाहीत. सहा ओळींत काम होते. ही सिद्धता पुढे विस्मरणात गेली आणि सतराव्या शतकात इटलीत मेंगोली यांनी आणि नंतर बर्नुली बंधूंनी हाच निष्कर्ष आपापल्या वाटेने पुन्हा काढला.

वर्गातल्या बहुतेकांना ही सिद्धता न बघता लिहिता येत होती. चार-पाच मार्कांचा हमखास प्रश्न आहे, येणारच. पण लिहिता येणे वेगळे आणि पटणे वेगळे, हे त्या दुपारी उघडे पडले. लॅबमध्येच चर्चा सुरू झाली आणि तिच्यात तीन सूर होते.

पहिला सूर: प्रोग्रॅममध्ये काहीतरी गडबड आहे. कुठे, ते सांगता येत नव्हते, पण पुस्तक चुकणार नाही यावर विश्वास होता.

दुसरा सूर प्रामाणिक होता. "पद शून्याकडे जातंय ना सर, मग बेरीज कधीतरी थांबणारच की." सिरीज कन्व्हर्ज होत असेल, म्हणजे तिची बेरीज एका ठरावीक आकड्याकडे जात असेल, तर तिचे पद शून्याकडे जाते हे प्रमेय मुलांनी शिकलेले असते, आणि ते उलट्या बाजूनेही चालते असे निम्म्या वर्गाच्या मनात घट्ट बसलेले असते. हार्मोनिक सिरीज शिकवतात ती मुळी ही समजूत मोडायला. ती मोडली नव्हती, फक्त परीक्षेपुरती बाजूला ठेवलेली होती.

तिसरे वाक्य एका हुशार मुलाचे होते: "थिअरीत डायव्हर्ज होते, प्रॅक्टिकलमध्ये कन्व्हर्ज होते."

मला सगळ्यात जास्त खटकले ते हे तिसरे वाक्य. पहिल्या दोन गटांना निदान काहीतरी एकच खरे असावे असे वाटत होते. या मुलाला दोन्ही एकाच वेळी मान्य होते आणि त्यात त्याला काही वावगे दिसत नव्हते. थिअरीचा पेपर वेगळा, प्रॅक्टिकलचा वेगळा, पासिंग वेगळे. मग सत्यही वेगळे असले तर काय बिघडले? आपण गेली कित्येक वर्षे ज्या पद्धतीने विषय वाटून दिले आहेत, तिचे हे अगदी तर्कशुद्ध फळ आहे.

स्टाफरूममध्ये एका सहकाऱ्याने लगेच तोडगा सांगितला. फ्लोट या कमी अंक मावणाऱ्या संख्या-प्रकाराच्या जागी जास्त अंकांचा डबल लिहायला सांगा, आकडा पुढे सरकेल, विषय संपेल. शिवाय हा राउंडिंगचा भाग न्यूमरिकल ॲनालिसिसच्या पेपरात आहे, तुमच्या नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. पण डबल लिहून आकडा सरकला असता तर मुलांच्या डोक्यात काय उरले असते? चांगले मशीन पुस्तकाचे ऐकते आणि स्वस्तातले ऐकत नाही, एवढेच. म्हणून उत्तर न सांगता मी पुढच्या तासाला एकच काम दिले: बेरीज नेमकी कितव्या पदाला थांबते ते शोधा.

२०९७१५२

शोधणे अवघड नव्हते. नवी बेरीज जुनीइतकीच आली की पदाचा क्रमांक छापायचा आणि लूप तोडायचा. पण पहिल्या प्रयत्नात अनेकांचे असे झाले की क्रमांक बघून त्यांनी तो नुसता टिपून ठेवला. वीस लाख सत्त्याण्णव हजार आणि काहीतरी. वहीत लिहिला, झाले. मग संगणकशास्त्र हा जोडविषय असलेल्या एका मुलाचे लक्ष गेले की हा २ चा २१ वा घात आहे. तो आकडा त्याला पाठ होता म्हणून ओळखू आला, पण ओळखू आल्यावर वर्गाचा नूर पालटला. गणितातल्या सिरीजला २ च्या घाताशी काय देणेघेणे? आणि मशीनला तर असतेच.

इथून पुढचा भाग फळ्यावर झाला. फ्लोट प्रकारच्या संख्येत बायनरीचे २४ अर्थपूर्ण अंक मावतात. बेरीज ८ आणि १६ च्या दरम्यान असते तेव्हा त्यातले चार अंक पूर्णांकाच्या भागाला जातात आणि अपूर्णांकासाठी वीस उरतात. म्हणजे या टप्प्यात मशीनची लहानात लहान पायरी १/१०४८५७६ एवढी, कारण १०४८५७६ हा २ चा २० वा घात. पायरीच्या निम्म्याहून लहान काही मिळवले तर जवळची पायरी जुनीच असते, म्हणून बेरीज जागची हलत नाही. निम्मी पायरी म्हणजे १/२०९७१५२. हिशेब तंतोतंत जुळला.

कारखान्याच्या वजनकाट्यावर ज्याचे वडील कामाला आहेत तो मुलगा म्हणाला, "उसाच्या ट्रॉलीवर एक कांडं ठेवलं तर काटा हलतोय होय?" वर्ग हसला, काटामारीवरचे नेहमीचे विनोदही झाले, पण मुद्दा त्याने बरोबर पकडला होता. त्याच्यापुढे मी एकच प्रश्न टाकला. एकेक कांडे ठेवत गेलो, प्रत्येक वेळी काट्यावर दिसेल तोच आकडा खरा धरून पुढचे कांडे त्याच्यात मिळवले आणि शेवटी अख्खी दुसरी ट्रॉली चढवून झाली, तरी काटा पहिल्या ट्रॉलीचेच वजन दाखवणार का? दाखवणार. मग ऊस संपला असे म्हणायचे का?

यातून जे पुढे आले ते माझ्या दृष्टीने या सगळ्या प्रकरणाचा कणा आहे. पद पुरेसे लहान झाले की मशीन बेरीज थांबवते. म्हणजे पद शून्याकडे जाणारी कुठलीही सिरीज या मशीनवर असे एकेक पद मिळवत गेल्यावर थांबणारच. निम्म्या वर्गाच्या मनात बसलेली जी चुकीची समजूत, तीच मशीनमध्ये घट्ट बांधलेली आहे. मुले आणि मशीन एकमेकांना दुजोरा देत होते आणि दोघांनाही एकच गोष्ट दिसत नव्हती: पदे लहान होतात हे खरे, पण ती किती आहेत?

"प्रॅक्टिकलमध्ये कन्व्हर्ज" म्हणणारा मुलगा अजून पुरता हटला नव्हता. त्याला सांगितले, आता १ + १ + १ + १ + … हीच बेरीज फ्लोटमध्ये करून दाखव. त्याने केली. ती १६७७७२१६ वर थांबली, म्हणजे २ च्या २४ व्या घातावर. त्याच्या पुढे एक मिळवला की जवळच्या दोन पायऱ्यांच्या बरोबर मध्ये पडतो आणि नियमाप्रमाणे मागे ढकलला जातो. एकात एक मिळवत गेले तर बेरीज एक कोटी सदुसष्ट लाखांच्या आसपास थांबते, असे म्हणायची तयारी त्याचीही नव्हती. तो बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिला आणि मग म्हणाला, "म्हणजे ह्याला मोजतापण येत नाही."

आकडा जास्त का आला?

इथे थांबता आले असते आणि तास तसाही संपत आला होता. पण सुरुवातीची मुलगी दुसऱ्या दिवशी नवे त्रांगडे घेऊन आली. तिने डबल वापरून २०९७१५२ पदांपर्यंतची बेरीज काढली होती. ती आली १५.१३३३०७. फ्लोटची होती १५.४०३६८३. "सर, फ्लोट लहान पदं टाकून देतोय म्हणालात. मग त्याची बेरीज कमी यायला पाहिजे. ही जास्त कशी?"

हा प्रश्न मला सुचला नव्हता आणि पुस्तकातल्या स्वाध्यायांतही असा प्रश्न सहसा सापडत नाही. आधी डबलचा आकडा तरी खरा कशावरून, हे बघणे भाग होते. ऑयलर यांनी अठराव्या शतकात दाखवून दिले की पार्शल समातून, म्हणजे ठरावीक पदांपर्यंतच्या बेरजेतून, पदसंख्येचा नैसर्गिक लॉगॅरिदम वजा केला तर उरलेली संख्या ०.५७७२… या स्थिरांकाकडे जाते. २०९७१५२ चा लॉग म्हणजे २१ गुणिले लॉग २, म्हणजे १४.५५६१. त्यात ०.५७७२ मिळवले की १५.१३३३. डबल बरोबर होता. फ्लोट ०.२७ ने पुढे गेला होता.

मग तिने आणि तिच्या बाकावरच्या दोघींनी मधल्या टप्प्यांचे आकडे काढले. दहा लाख पदांना खरी बेरीज १४.३९२७ आणि फ्लोटची १४.३५७४. म्हणजे तिथे फ्लोट मागेच होता! दहा लाखांना मागे, वीस लाखांना पुढे. एवढ्या मधल्या अंतरात त्याने खऱ्या बेरजेला गाठून मागे टाकले होते.

उकल काट्यातच आहे. मशीन पद टाकून देत नाही, ते जवळच्या पायरीला नेऊन बसवते. पायरी १/१०४८५७६ आहे. पद दीड पायरीपेक्षा लहान आणि अर्ध्या पायरीपेक्षा मोठे असेल तर मशीन त्याला सरळ एक पायरी धरते. असे केव्हा होते? ६९९०५१ व्या पदापासून २०९७१५१ व्या पदापर्यंत. या पट्ट्यातल्या सुरुवातीच्या पदांचे मशीन खाते, कारण ती एका पायरीहून मोठी असून त्यांना एकच पायरी मिळते. १०४८५७६ च्या पुढे उलटे होते. पद पायरीहून लहान असते, पण मशीन पुरती पायरी देऊन टाकते आणि तशी दहा लाखांहून जास्त पदे रांगेत उभी असतात.

आता हिशेब. पट्ट्यात १३९८१०१ पदे आहेत आणि प्रत्येकाला १/१०४८५७६ मिळतात. एकूण झाले ४/३, म्हणजे १.३३३३. प्रत्यक्षात या पदांची बेरीज किती? पट्ट्याचे शेवटचे टोक पहिल्याच्या तिप्पट आहे, म्हणून १/क्ष चे इंटिग्रेशन घेतले की लॉग ३, म्हणजे १.०९८६. फरक ०.२३४७. एकूण ०.२७०४ पैकी ०.२३४७ या एकाच पट्ट्यातून आले. त्याच्या अलीकडचा पट्टा जिथे प्रत्येक पदाला दोन पायऱ्या मिळतात: मशीनचे ०.५३३३, खरे लॉग (५/३) म्हणजे ०.५१०८, फरक ०.०२२५. त्याच्या अलीकडचा तीन पायऱ्यांचा, फरक ०.००६४. चार पायऱ्यांचा, ०.००२७. मुलींनी हे पट्टे मागे मागे नेत बेरीज केली आणि ती ०.२७ च्या पुढे जाऊन ०.२७०४ ला टेकली.

मला विचाराल तर सिरीज, इंटिग्रेशन, बायनरी अंकलेखन आणि राउंडिंग या चार गोष्टी एकाच आकड्याच्या चौथ्या दशांश स्थळापर्यंत अशा एकत्र आलेल्या दुसऱ्या वर्षाच्या वर्गात क्वचित दिसतात. दहा लाखांना फ्लोट मागे का होता, तेही यातच सुटले. तोपर्यंत मोठ्या पट्ट्याचा फक्त तोट्याचा भाग झालेला होता.

उलटी बेरीज आणि उरलेल्याचे खाते

बेरीज शेवटाकडून सुरू करायची ही सूचना एका मुलाने केली. आधी लहान पदे, १ सगळ्यात शेवटी. लहान पदे आपापसात मिसळून मोठी होतात आणि मगच मोठ्या बेरजेला भेटतात, त्यामुळे फ्लोटमध्येसुद्धा २०९७१५२ पदांची बेरीज १५.१३ च्या घरात येते. बेरजेत क्रम बदलला तरी उत्तर तेच, हा पहिलीपासूनचा नियम मशीनवर चालत नाही, हे काहींना थिअरीच्या भांडणापेक्षा जास्त धक्कादायक वाटले. साहजिक आहे. त्या नियमावर त्यांनी कधी शंका घेतलेलीच नव्हती.

दुसऱ्याने सुचवले की प्रत्येक बेरजेत जे गळते ते एका वेगळ्या व्हेरिएबलमध्ये जमा करावे आणि पुढच्या पदात मिळवावे. हीच युक्ती विल्यम कहान यांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केली आणि ती त्यांच्या नावाने ओळखली जाते. संगणकातल्या फ्लोटिंग-पॉइंट हिशेबाचे १९८५ चे प्रमाणक, आयट्रिपलई ७५४, घडवण्यातही त्यांचाच मोठा वाटा होता. त्याला हे सांगितल्यावर तो खूश होण्याऐवजी नाराज झाला. "म्हणजे आधीच निघालंय होय."

डबलही शेवटी थांबतोच. तिथे ५३ अंक असतात, त्यामुळे बेरीज ३४ च्या आसपास गेल्यावर २ च्या ४८ व्या घाताच्या पदाला, म्हणजे साधारण २ लाख ८१ हजार अब्ज पदांना खोडा बसतो. मशीन सेकंदाला शंभर कोटी बेरजा करत असेल तर तिथवर पोचायला सव्वातीन दिवस लागतील. लॅब पाचला बंद होते, म्हणून हे कागदावरच राहिले. ओरेम यांच्या गटांवरून आणखी एक गोष्ट निघते. पदसंख्या दुप्पट केली की बेरजेत अर्ध्यापेक्षा जास्त आणि एकपेक्षा कमी भर पडते. त्यामुळे बेरीज १०० च्या वर न्यायला किमान २ च्या ९९ व्या घाताइतकी पदे लागणारच. प्रत्यक्षात लागतात ती सुमारे १५ वर ४२ शून्ये इतकी. कुठलेही मशीन ही बेरीज पद-पद करत १०० ला कधी नेणार नाही, आणि तरी ती १०० च्या पुढे जाते हे सहा ओळींत कळते. आधीच्या आठवड्यात पाठ केलेल्या सिद्धतेकडे काही मुलांनी खऱ्या अर्थाने बघितले ते इथे.

बाहेरच्या जगात अशा गळतीने काय होते, हा प्रश्न कॉमर्सकडून आलेल्या एका पाहुण्या प्राध्यापकांनी विचारला. व्हँकूवरच्या शेअर बाजाराचा निर्देशांक १९८२ च्या जानेवारीत १००० वर सुरू झाला. प्रत्येक व्यवहारानंतर तो नव्याने काढताना तिसऱ्या दशांशापुढचे अंक छाटले जात होते. १९८३ च्या नोव्हेंबरपर्यंत तो ५२४ च्या आसपास घसरला. हिशेब दुरुस्त केल्यावर निघाला सुमारे १०९८. बाजार वर चढत होता आणि आकडा दोन वर्षे खाली जात होता.

काय साधले, काय नाही

या प्रकरणात सिरीजच्या धड्याचे नियोजन कोलमडले. अल्टरनेटिंग सिरीजची कसोटी घाईत उरकावी लागली आणि पदांची फेरमांडणी केल्यावर बेरीज बदलते हा रीमान यांचा सुंदर निष्कर्ष नुसता सांगून सोडून द्यावा लागला. ज्यांना सी येत नव्हते त्यातले काही जण पट्ट्यांच्या हिशेबात मागेच पडले. त्यांच्यासाठी हाच हिशेब कॅल्क्युलेटरवर, तीन अर्थपूर्ण अंकांवर राउंड करून करता येतो आणि मशीनपेक्षा चांगला समजतो, कारण गळती हाताने करावी लागते. अशी बेरीज प्रत्यक्ष करून पाहावी, असे मी हे प्रकरण वापरू इच्छिणाऱ्यांना सुचवीन. संगणक नंतर आणावा.

अंतर्गत परीक्षेत मी नेहमीचा "सिद्ध करा" प्रश्न न घालता असा विचारला: एका सिरीजची बेरीज संगणकावर लाखाव्या पदानंतर बदलत नाही, यावरून ती कन्व्हर्जंट आहे असे म्हणता येईल का? बऱ्याच जणांनी १ + १ + १ + … चे उदाहरण देऊन नाही म्हटले. काहींनी नाही म्हणून खाली हार्मोनिक सिरीजची पाठ सिद्धता जशीच्या तशी उतरवली, म्हणजे प्रश्नाला धरून काही लिहिलेच नाही. आणि थोड्यांनी चक्क "प्रॅक्टिकली होय" लिहिले. त्या मुलांना समजले नाही असे मला वाटत नाही. विद्यापीठाच्या पेपरात हा प्रश्न येणार नाही हे त्यांना पक्के ठाऊक होते आणि त्यांनी त्याला तेवढीच किंमत दिली.

दुसरीकडे, वर्गातून "असं केलं तर?" छापाचे प्रश्न यायला लागले. त्यातला एक लांबवर गेला. हार्मोनिक सिरीजमधून ज्या छेदांत ९ हा अंक येतो ती सगळी पदे गाळली तर? सगळ्यांचा अंदाज होता की काही फरक पडणार नाही, थोडीच तर पदे जातात. पण थोडी जात नाहीत. ९ नसलेल्या एकअंकी संख्या ८, दोनअंकी ७२, तीनअंकी ६४८, दर वेळी नऊपट. त्यांची पदे मात्र दर वेळी दहापट लहान. एकअंकी गटाची बेरीज ८ पेक्षा कमी, पुढच्याची ८ च्या ९/१० पेक्षा कमी, असे करत एकूण बेरीज ८० च्या आत राहते. सिरीज कन्व्हर्ज होते! हे केम्पनर यांनी १९१४ मध्ये दाखवले आणि बेरीज सुमारे २२.९२ आहे. अंकांची संख्या वाढत जाते तसा बहुतेक प्रत्येक संख्येत कुठेतरी ९ येतोच, हे मुलांना आकडे मांडल्याशिवाय पटले नाही.

संगणकावर हीच बेरीज एक कोटीपर्यंत नेली तर ती जेमतेम १२ च्या आसपास असते. म्हणजे जी थांबत नाही ती १५.४ वर थांबलेली दिसते आणि जी थांबते ती निम्म्या वाटेवर रेंगाळताना दिसते. या दोन सिरीज शेजारी ठेवून मी आता तोच प्रॅक्टिकल घेतो.

सुरुवातीच्या मुलीने शेवटी विचारले की हार्मोनिक बेरीज वाटेत कधी नेमकी पूर्णांकावर पडते का, म्हणजे अगदी ३ किंवा अगदी ४. उत्तर नाही असे आहे, थायझिंगर यांनी १९१५ मध्ये ते दाखवले. तिला मी एवढेच सुचवले की पदांच्या छेदांतला २ चा सगळ्यात मोठा घात बघ. तिने दोन दिवसांनी सिद्धता आणली: त्या घाताने भाग जाणारा दुसरा छेद यादीत नसतो, कारण पुढचा त्याच्या दुप्पट आहे. म्हणून सगळ्या पदांना समान छेद दिला की त्या एकाच पदाचा अंश विषम राहतो, बाकी सगळे सम. वर बेरीज विषम, खाली छेद सम, भाग जाणार नाही. ती तिने जर्नलच्या मागच्या कोऱ्या पानावर लिहिली, कारण छापील नमुन्यात "निरीक्षणे" आणि "निष्कर्ष" असे दोनच रकाने आहेत आणि दोन्हींत मिळून चार ओळींची जागा आहे.